पुतण्याचं नाव झाकू नका

अहमदपूर तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "नऊ दिवसांपूर्वी रात्री नांदेडहून लोह्यामार्गे परत येताना आमच्या कारची मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाला ऊसतोड मजूर आहे, शेतरस्त्यावरून बिनलाइटचा एकदम रोडवर आला. त्याचा पाय मोडला. आम्हीच त्याला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गाडी माझा पुतण्या चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. त्याच्याकडे लर्निंग लायसन आहे आणि तो पोलीस भरतीची तयारी करतोय. दुसऱ्या दिवशी चार लोकांसमोर चाळीस हजार रोख देऊन 'तक्रार नाही' असं बाँडवर लिहून घेतलं. आता त्याचा भाऊ तीन लाख मागतो आणि ठाण्यातून 'गाडी घेऊन या' असा फोन आलाय. माझं लायसन पक्कं आहे. गाडी मीच चालवत होतो असं सांगू का? आणि बंपर, हेडलाइट नीट करून घेऊ का?"

दादा, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पोराचं भविष्य वाचावं म्हणून तुम्ही स्वतःवर घ्यायला निघालात, त्यामागची माया मला कळते. पण हे खोटं त्याला वाचवणार नाही आणि तुम्हालाही गोत्यात आणेल. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर मालकानं सांगायलाच हवं, मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ तेच सांगतं. चूक कुणाची यावर कबुली देण्याची सक्ती मात्र कुणावर नाही. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आज जो मामला जामीनपात्र आहे, त्याला तुम्ही स्वतःच्या हातानं आणखी वाईट गुन्हा चिकटवाल. धडकेनंतर जमा झालेल्या माणसांनी पोराला स्टिअरिंगवरून उतरताना पाहिलं असेल. शिवाय वाटेत पेट्रोल पंपावर थांबला असाल तर तिथल्या कॅमेऱ्यातही तो दिसणार.

आणि खरं सांगण्यातच तुमचा बचाव आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. शिकाऊ लायसनधारकाच्या शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला हवा, हा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३. तुम्ही तसेच बसला होता! सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात शिकाऊ लायसनलाही लायसनच मानलं आहे. म्हणजे 'लायसन नव्हतं' असं म्हणून विमा कंपनीला सहज हात झटकता येणार नाहीत. गाडीवर पुढेमागे लाल 'एल' होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर कंपनी त्यावर बोट ठेवेल, कदाचित जखमीला दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करू पाहील. तो वाद वकिलामार्फत लढता येतो. ड्रायव्हरच बदलला आणि ते उघडं पडलं, तर लढायला काही उरत नाही.

भरतीचं म्हणाल, तर लपवलेला गुन्हा उघड झालेल्या गुन्ह्यापेक्षा जास्त नडतो. पडताळणी फॉर्ममध्ये खरी माहिती दिली, तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून निर्णय घेतला जातो. अवतारसिंग खटल्यात २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं हेच तपशिलात सांगितलं. नोकरी मिळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही, पण खोटं लिहिल्यावर ती मिळूनही जाते. त्याच्यावर बहुधा न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५(ब) (निष्काळजीपणानं गंभीर दुखापत) लागतील. दोन्ही जामीनपात्र, म्हणजे जामीन हा त्याचा हक्क आहे. १२५(ब) जखमीची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर मिटवता येतं, २८१ नाही. दोघांची खरी तडजोड झाली तर पुढे औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करण्याची मागणी करता येते.

मग तो बाँड? खरं सांगायचं तर त्याला फारसा अर्थ नाही. दखलपात्र गुन्ह्याचा तपास चार माणसांच्या सह्यांनी थांबत नाही आणि जखमीचा भरपाईचा हक्कही त्यानं संपत नाही. तरी कागद जपून ठेवा, चाळीस हजार दिल्याचा तो पुरावा आहे. यापुढे रोख एक रुपयाही देऊ नका. औषधाचा खर्च करायचा असेल तर बिलावर, ऑनलाइन करा.

गाडीला हात लावू नका. पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी झाल्याशिवाय बंपर काढला, तर पुरावा मिटवल्याचा आरोप यायला वेळ लागणार नाही. आहे तशी गाडी ठाण्यात न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे तपासणी उरकल्यावर चोवीस तासांत गाडी परत द्यायला हवी. नाहीच दिली तर न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सुटते.

अपघाताची खबर चोवीस तासांत पोलिसांना द्यायची असते, विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. दोन्ही राहिलं. त्याच कायद्याच्या कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तुम्ही माणसाला रस्त्यावर टाकून पळाला नाहीत, दवाखान्यात नेलंत, याला फार वजन आहे. दवाखान्याच्या नोंदीत 'कुणी आणलं' ते लिहिलं असेल, तिची नक्कल मिळवा. कंपनीला आजच पॉलिसी नंबर, तारीख, ठिकाण, जखमीचं आणि चालकाचं नाव लेखी कळवा. नो क्लेम बोनस जाईल म्हणून बरेचजण गप्प बसतात, पण थर्ड पार्टी दाव्यानं, म्हणजे समोरच्या जखमीच्या दाव्यानं, तो जात नाही.

आता तीन लाखांची मागणी. त्या भावाचा राग करू नका. ऐन सीझनमध्ये कोयता चालवणाऱ्याचा पाय मोडलाय, घरात खायचं काय हा त्यांचा प्रश्न आहे आणि चाळीस हजार त्याला पुरणारे नाहीत. पण ती रक्कम तुम्ही खिशातून द्यायची नाही, थर्ड पार्टी विमा त्यासाठीच सक्तीचा आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बुडालेली मजुरी, उपचार, कायमचं अपंगत्व धरून भरपाई ठरवतं. मोठ्या गाडीचीच चूक, हा लोकांचा समज आहे, कायदा नाही. बिनलाइटची मोटारसायकल एकदम आली असेल तर दोष दोघांत वाटला जातो. त्या जागेचे फोटो काढा, आसपासच्या साक्षीदारांची नावं टिपून घ्या.

ठाण्यात पुतण्याला सोबत घेऊन, स्थानिक वकिलाबरोबर जा. तिथून दवाखान्यात जाऊन त्या मजुराच्या हातात तुमच्या पॉलिसीची झेरॉक्स द्या. दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, तो राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, हे त्याला समजावून सांगा. त्यातले नऊ दिवस गेलेत.