वाचकांचे प्रश्न : ‘राजीनामा दे’ असं तोंडी सांगितलं तर

या वेळी नागपूर शहरातून आलेली, मानसिक आरोग्य सेवेतल्या कर्मचाऱ्यांची तीन पत्रं घेतली आहेत. नावं आणि कामाची ठिकाणं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सरकारी मनोविकार सेवेत नऊ वर्षं अधिपरिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी मला बायपोलर आजाराचं (मनःस्थिती उन्माद आणि नैराश्य अशा दोन टोकांना जाण्याच्या आजाराचं) निदान झालं. त्यावरची लिथियमची गोळी सुरू आहे, तब्येत स्थिर आहे. पण सलग रात्रपाळ्या लागल्या की झोप तुटते आणि आजार डोकं वर काढतो. पाळी बदलून मागितली तर वरिष्ठ म्हणतात, ‘इथंच नर्सला हा आजार असेल तर पेशंट कुणाकडे सोपवायचे? राजीनामा दे.’ काय करू?

उत्तर : राजीनामा देऊ नका, आणि कुणी आधीच लिहून आणलेल्या कागदावर सहीही करू नका. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. सध्याचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तुमच्या बाबतीत तर तेवढीही गरज नाही, फक्त पाळी बदलायची आहे.

तोंडी विनंतीला तोंडीच नकार मिळतो आणि त्याचा कुठं मागमूस राहत नाही, म्हणून अर्ज लेखी द्या. आधी तुमच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. त्यात निदानापेक्षा कामाबद्दल लिहिलेलं असावं : ‘झोपेची वेळ स्थिर राहणं आवश्यक, पुढील सहा महिने रात्रपाळी टाळावी, रक्ततपासणीसाठी वेळ द्यावा.’ हे पत्र जोडून कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्ज करा, आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. अर्ज मोघम ठेवू नका. ‘सहकार्य करावे’ अशा वाक्याला कुणी उत्तर देत नाही. ‘सकाळ किंवा दुपार पाळी द्यावी, बदल्यात रविवारच्या ड्युट्या करायला तयार आहे’ याला द्यावं लागतं.

पुष्कळांना वाटतं, चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर काहीच मागता येत नाही. तो टक्का आरक्षणासाठी लागतो. कामाच्या रचनेत वाजवी बदल मागायला ती अट नाही. तरी प्रमाणपत्र काढून ठेवलेलं बरं, म्हणजे ‘आजार आहे, अपंगत्व नाही’ हा वाद उरत नाही.

उत्तर आलं नाही तर आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. हा अधिकारी नेमणं याच दिव्यांग कायद्याच्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते. तिथंही समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. आजाराच्या भरात घडलेल्या वागण्यावरून कुणी शिस्तभंगाची नोटीस काढली, तर सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२१ चा रवींद्रकुमार धारीवाल निकाल वकिलांना दाखवा. वागण्यामागच्या कारणांपैकी आजार हे एक कारण होतं एवढं दाखवलं तरी पुरे, असं त्यात म्हटलं आहे.

उपचार शक्यतो कामाच्या ठिकाणी घेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण केसपेपर ओळखीच्या हातांतून फिरतो तेव्हा तो हक्क सांभाळणं कठीण जातं. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात जाता येईल.

आणि नागपूरचा उन्हाळा सांभाळा, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मे महिन्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. ती साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावी. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलटी, जुलाब यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही पातळी वाढते. वॉर्डात कूलर बंद असेल तर ड्युटीवर पाण्याची बाटली आणि ती प्यायला वेळ मिळणं हासुद्धा तुमच्या अर्जातला मुद्दा होऊ शकतो.

प्रश्न : मी कंत्राटी कक्षसेवक आहे. कपडे घाण केलेल्या रुग्णांना धुणं आणि संडास साफ करणं ही कामं आमच्याच समाजाच्या तिघांना लागतात. बाकीचे औषधांची ट्रॉली आणि गेट सांभाळतात.

उत्तर : दोन महिने वहीत रोज नोंद करा : तारीख, पाळी, वॉर्ड, कोणतं काम, कुणी केलं. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्याच काळाचे ड्युटी चार्ट मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ‘योगायोगानं पडतं’ हे म्हणणं टिकत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला झाडलोटीची किंवा मैला काढण्याची सक्ती करणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ७-अ खाली गुन्हा आहे. कंत्राटदार रुग्णालयाकडे बोट दाखवील आणि रुग्णालय कंत्राटदाराकडे, म्हणून अर्ज दोघांनाही एकाच दिवशी द्या.

मागणी अशी करा की ही कामं सगळ्या कक्षसेवकांना आळीपाळीनं लागावीत. रबरी हातमोजे, एप्रन आणि कावीळ ‘ब’ची लस (आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी असे तीन डोस) हेही त्याच अर्जात मागा. एक धोका ओळखून ठेवा : तुम्ही काम नाकारलं की ते बऱ्या झालेल्या रुग्णांच्या गळ्यात पडतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्यानं काम केलंच तर योग्य मोबदला द्यावा लागतो. तुमच्या अर्जात हे वाक्य असू द्या. ज्यांच्यासाठी कुणी अर्ज करत नाही, त्यांचाही हा प्रश्न आहे.

प्रश्न : मी प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञ आहे. वरिष्ठ रात्री नको ते मेसेज पाठवतात. प्रशिक्षणार्थीला तक्रार करता येते का?

उत्तर : येते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी महिलाही येतात. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मेसेज पुसू नका, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाकडे ठेवा. चौकशी चालू असताना तुमच्या कामाचं मूल्यमापन त्या व्यक्तीनं करू नये, अशी मागणी तक्रारीतच करा, कारण तुमचं प्रमाणपत्र त्यांच्या सहीवर अडकू शकतं.