दुबईत हिंदी शिकवायला येताय, तर

पुण्याहून तुम्ही विचारलंत की दुबईच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत हिंदीची नोकरी मिळतेय, वर्गात सगळ्या पातळ्यांची मुलं, वर सेवा-प्रकल्पांची जबाबदारी आणि सोबत सात वर्षांची मुलगी. तर यावं का? व्हिसा, पगार, घरभाडं कुठेही वाचायला मिळेल. एवढंच सांगते, पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर लग्नाच्या दाखल्याचंही अटेस्टेशन (खरेपणाचे सरकारी शिक्के) आत्ताच करून घ्या. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि इथे आल्यावर पुन्हा शिक्का. माझी फाइल या दोन नावांवरून अडली होती. तीच मी, तीच पदवी, आणि ते सिद्ध करत फिरायचं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आता वर्ग. दिल्लीचा मुलगा फाडफाड बोलतो, पण दोन ओळी लिहायच्या म्हटलं की गळपटतो. केरळची मुलगी व्याकरणात पक्की, तोंड मात्र उघडत नाही. आपली मराठी मुलं देवनागरी झरझर वाचतात आणि ‘मेरे को’वर अडकतात. प्रत्येक पातळीची वेगळी वर्कशीट काढायला सगळे सांगतील. सोपी कुणाची ते मुलांना लगेच कळतं, आणि ते मूल त्या दिवसापासून मिटतं. काम एकच द्या, वाटे वेगळे.

मला हे सेवा-प्रकल्पामुळे उमगलं. आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना कॅस (सर्जनशीलता, कृती आणि सेवा यांचं काम) किमान 18 महिने करावं लागतं. गुण नाहीत, पण ते पूर्ण झाल्याशिवाय डिप्लोमाही नाही. मुलांना आधी सुचतं ते पैसे गोळा करणं. इथे परवान्याशिवाय देणग्या गोळा करता येत नाहीत, 2021 चा कायदा कडक आहे. मग लेबर कॅम्पात बिस्किटांचे पुडे वाटून फोटो काढायची टूम निघते. ती मी होऊ देत नाही. शाळेच्या गेटवरच हिंदी बोलणारी माणसं उभी असतात, त्यांना काय हवंय ते विचारा म्हटलं. गोरखपूरच्या एका रक्षकाने औषधाची चिठ्ठी पुढे केली, सगळी इंग्रजीत. मुलांनी अशा चिठ्ठ्यांवरच्या नेहमीच्या सूचना हिंदीत रेकॉर्ड केल्या. दिल्लीवाल्याने विचारलं, केरळच्या मुलीने लिहिलं, मराठी मुलीने वाचलं. काकांनी ऐकून म्हटलं, “दिन में दो बार तो ठीक, पर खाने से पहले कि बाद में?” वर्गात एकालाही ते सुचलं नव्हतं. केरळच्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं, “अंकल, फिर से बताइए.”

एकटेपणाचं काही नाही. करामा भागात आपली भाजी मिळते, गणपतीत माणसं भेटतात, निभतं.

माझ्या मुलाचं मात्र निभलं असं मला म्हणवत नाही. प्रवेश अर्जात घरची भाषा विचारतात. आम्ही मराठी लिहिलं आणि चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या पोराला गोष्टींच्या तासाला उठवून इंग्रजीच्या जादा वर्गात बसवलं. चाचणी कधी घेतली, काय निघालं, शेवटपर्यंत दाखवलं नाही. पुढे तो म्हणायला लागला, “आई, गेटवर मराठीत बोलू नकोस.” आता नववीत आहे. अरबी नववीपर्यंत सक्तीची, ती तो छान वाचतो. आजीला मेसेज रोमन अक्षरांत करतो. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांना देवनागरी शिकवते आणि संध्याकाळी घरी ते मेसेज बघते. याचा राग नेमका कुणावर काढायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरीही या, काम खरंच मोलाचं आहे. सही करण्याआधी विचारा की कॅसच्या कामासाठी तासिका कमी करणार का. आणि मुलीच्या अर्जात मराठीच लिहा, फक्त चाचणीचा निकाल आणि कोणत्या तासाला उठवणार हे लेखी मागा. अर्ज हाती आला की मला पाठवा, आपण दोघी बसून वाचू.