खांबावरची चिरडलेली पट्टी : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या यूव्ही स्क्रिप्टची प्रश्नोत्तरे

प्रश्न (लातूर) : ऑब्जेक्ट मोडमध्ये यूव्ही (चित्राचा कुठला भाग वस्तूवर कुठे बसेल ते सांगणारे यू आणि व्ही हे आकडे) सरकवणारी माझी पायथन स्क्रिप्ट नीट चालते. तीच एडिट मोडमध्ये चालवली की ‘इंडेक्स आउट ऑफ रेंज’ येतं. असं का?

एडिट मोडमध्ये (जिथे वस्तूचे बिंदू आणि बाजू बदलतात) शिरलात की जाळीचा, म्हणजे मेशचा, चालू माल बीमेश या संपादनाच्या वेगळ्या रचनेत जातो आणि मेशच्या यूव्ही लेयरमधली यादी रिकामी दिसते. रिकाम्या यादीतला पहिला आकडा मागितला की हीच एरर येणार. एडिट मोडसाठी ‘फ्रॉम एडिट मेश’ने बीमेश घ्या, ‘व्हेरिफाय’ने यूव्ही लेयर मिळवा (लेयर नसेल तर ते तयार करून देतं), बदल करा आणि शेवटी ‘अपडेट एडिट मेश’ चालवा. ही शेवटची ओळ राहिली तर आकडे बदलतात, पण पडद्यावर काही हलत नाही आणि माणूस तासभर गणितातच चूक शोधत बसतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : वेरूळच्या धर्तीचा खांब करतोय. वरचा भाग गोल, १६ बाजूंचा. कोनावरून यूव्ही काढले. १५ बाजूंवर काळा दगड छान बसला, पण एका बाजूवर सगळं चित्र उलटं होऊन चिरडलंय.

गोल वस्तूचे यूव्ही हाताने लिहिणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी आपटतो. एक्स-वाय वरून कोन देणाऱ्या आर्कटॅन-टू या फंक्शनचा कोन उणे १८० ते अधिक १८० अंशांत येतो. त्याला ३६० ने भागून ०.५ मिळवले की यू ० ते १ मध्ये बसतो. गोम आहे ती जिथे वर्तुळ पुरं होतं तिथे. तुमच्या १६ व्या बाजूच्या एका कडेला यू १.० आलाय आणि दुसऱ्या कडेला ०.०६२५. या दोन आकड्यांमध्ये चित्राचा पंधरा-सोळांश भाग आहे. तो सगळा उलट दिशेने त्या एका पट्टीत कोंबला जातो.

उपाय बाजूनिहाय करायचा. बाजूच्या चारही कोपऱ्यांचे यू गोळा करा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात ०.५ पेक्षा जास्त फरक असेल, तर ०.५ पेक्षा लहान असलेल्यांत १ मिळवा. आता कडा १.० आणि १.०६२५ झाल्या, रुंदी एक-सोळांश. मटेरियलमध्ये चित्र जोडणाऱ्या नोडवर ‘रिपीट’ हवं. ‘क्लिप’ असेल तर १ च्या पुढचं चित्रच दिसणार नाही.

०.०६२५ वरचा शिरोबिंदू या बाजूसाठी १.०६२५ आहे आणि शेजारच्या बाजूसाठी ०.०६२५ च. बिंदू एक, यूव्ही दोन. म्हणून ‘शिरोबिंदू क्रमांक → यूव्ही’ अशी डिक्शनरी करून लिहिलेली स्क्रिप्ट इथे हमखास फसते. यूव्ही बाजूच्या कोपऱ्याचे असतात. ब्लेंडरने कोपऱ्याला ‘लूप’ नाव ठेवलंय आणि फॉर-लूपशी नाहक गोंधळ घातलाय, त्याला इलाज नाही.

छिन्नीच्या खुणा किती वेळा उमटवायच्या तेही इथेच ठरवा. खांबाचा व्यास १.२ मीटर असेल तर घेर ३.७७ मीटर. चित्र अर्ध्या मीटरचं असेल तर ७.५४ वेळा. ८ धरा, पूर्णांक नसेल तर सांध्यावर खुणा तुटतात. यू ला ८ ने गुणायचं ते वरच्या दुरुस्तीनंतरच, कारण ०.५ ची कसोटी ० ते १ मधल्या आकड्यांपुरतीच खरी. वरखालच्या झाकणांना कोनाचा नियम लावू नका. मध्यबिंदूला कोनच नसतो. तिथे सरळ एक्स-वाय वापरा.

प्रश्न (पैठण) : पैठणीच्या काठाचं चित्र ४०९६ × १०२४ आहे. यूव्हीचा तुकडा ९० अंश फिरवला की मुनिया (काठावरची पोपटाची नक्षी) ताणली जाते. केंद्र तर बरोबर घेतलंय.

केंद्र बरोबर आहे, मोजपट्टी चुकली आहे. यूव्हीच्या जगात चित्र नेहमी चौरस असतं, तुमचं मात्र चौपट रुंद. ०.२ × ०.४ चा तुकडा चित्रावर साधारण ८१९ × ४१० पिक्सेल व्यापतो. नुसता फिरवला तर तो ०.४ × ०.२, म्हणजे १६३८ × २०५ झाला. केंद्र वजा केल्यावर यू ला ४ ने गुणा, फिरवा, यू ला पुन्हा ४ ने भागा आणि मग केंद्र मिळवा. तुकडा ०.१ × ०.८ आला की समजा जमलं.

दुसऱ्या बाजूची मुनिया यू ला उणे एकने गुणून उलटवत असाल, तर जरीचा नॉर्मल मॅप (उठावाचा भास देणारं चित्र) तपासा. उलट्या तुकड्यावर काही सॉफ्टवेअरमध्ये उठाव खोलगट दिसतो. कोपऱ्यांवरून चिन्हासकट क्षेत्रफळ काढलं आणि ते ऋण आलं, की तुकडा उलटा आहे.

प्रश्न (नांदेड) : माळवदाच्या घराच्या सगळ्या भिंतींवर मातीचा पोत सारख्या बारकाईचा हवा. स्क्रिप्टने मोजून केला, तरी एक भिंत धुरकट.

घनतेचं (मीटरला किती पिक्सेल) सूत्र असं : चित्राची रुंदी गुणिले (यूव्ही क्षेत्रफळ भागिले खरं क्षेत्रफळ) याचं वर्गमूळ. चित्र चौरस धरलंय. २०४८ चं चित्र ४ मीटर बाय ४ मीटर भिंतीवर पूर्ण बसलं तर मीटरला ५१२ पिक्सेल. हवी ती घनता भागिले आलेली घनता, इतक्याने तुकडा मोठा-लहान करा.

धुरकट भिंतीचं स्केल बहुधा दुप्पट आहे आणि लागू केलेलं नाही. मेशला ते माहीतच नसतं, त्यामुळे ५१२ ची घनता १०२४ वाचली जाते. स्क्रिप्ट यूव्ही निम्मे करते आणि प्रत्यक्षात २५६ उरतात. आधी कंट्रोल-ए ने स्केल लागू करा.

प्रश्न (परभणी) : किल्ल्याच्या स्कॅनला दहा लाख बाजू आहेत. एकेका कोपऱ्यावरून फिरणारी स्क्रिप्ट फार रेंगाळते.

ऑब्जेक्ट मोडमध्ये ‘फॉरईच गेट’ने सगळे आकडे एकदम नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सपाट रांगेत घ्या. रांगेची लांबी कोपऱ्यांच्या दुप्पट, प्रकार फ्लोट-३२. नमपाय आपणहून फ्लोट-६४ घेतं. चालतं, पण वेग बराच पडतो. हिशेब करून ‘फॉरईच सेट’ने परत टाका आणि मेशचं ‘अपडेट’ चालवा.