काय बिघडतं आणि काय उतरवावं लागतं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणतेस, हे ऐकून तुझ्या बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मला मात्र मजा वाटली. पण "अमेरिकन गाडीचा भरवसा नाही, त्यापेक्षा पोर्शे बरी" हे कुणी भरवलं तुला? माझी सगळी नोकरी डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांच्या सुट्या भागांत गेली, त्यामुळे इथे गप्प बसवत नाही.

ही बदनामी अगदीच उगाच झालेली नाही. 1975 च्या साध्या कॉर्व्हेटचं, म्हणजे शेवरलेच्या स्पोर्ट्स कारचं, इंजिन 5.7 लिटरचं, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद फक्त 165 अश्वशक्ती! पण त्या काळातलं मत लोक अजून 1997 नंतरच्या गाड्यांना चिकटवतात.

गाडी किती वेळा बिघडते, एवढंच विचारून भागत नाही. काय बिघडतं आणि तिथवर पोचायला काय काय उतरवावं लागतं, ते विचार.

तुझ्या बजेटातली सी5 कॉर्व्हेट घे, म्हणजे पाचव्या पिढीची, 1997 ते 2004 ची. हिची दुखणी पुष्कळ. दिवे लावले की वर येतात आणि आतली मोटर घरघरतच राहते, कारण तिचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलेलं असतं. ते पितळी बसवून घेतात, फारसा खर्च नाही. स्टिअरिंगच्या लॉकसाठी तर कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजिन चालू ठेवून पुढची मोठी पुली बघ. ती डुगडुगत असेल तर हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे इंजिनाची कंपनं शोषणारा भाग, गेला. मात्र खुद्द इंजिन दणकट आहे. एकच कॅमशाफ्ट, तोही खाली, सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, आणि दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. जुनाट म्हणून हसतात लोक, पण याच घराण्यातली इंजिनं शेवरलेच्या पिकअप ट्रकमध्ये आहेत. त्यामुळे हात घालणारा मेकॅनिक गावोगाव सापडतो.

आता त्याच सुमाराची पोर्शे 911, त्या पिढीला 996 म्हणतात. दारं, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं सरस, वादच नाही. पण साध्या 996 च्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात. सगळ्यांचं जात नाही. ज्याचं जातं त्याचं इंजिनच जातं: व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ, म्हणजे टायमिंग, सुटतं आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून जाणते लोक क्लचच्या कामातच उरकून घेतात. विकणाऱ्याकडे त्याची पावती नसेल तर तो खर्च तुझाच समज. फेरारी एफ355 चा तर विषयच नको. तिथे टायमिंग बेल्टसाठी अख्खं इंजिन बाहेर काढतात.

अमेरिकन इंजिनालाही डोळे मिटून मान डोलवू नकोस हं. 2006 ते 2013 च्या कॉर्व्हेट झेड06 मधलं 7.0 लिटरचं एलएस7 इंजिन व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या, झिजण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ते काम झालेलं नसेल तर लांब राहा. जपानी गाड्या चिवट, पण आधीच्या मालकाने टर्बो वगैरे बसवून काय उद्योग केलेत ते कळायला मार्ग नसतो. भरवसाच हवा असेल तर छेडछाड न झालेली मिआटा, माझ्दाची छोटी स्पोर्ट्स कार, घे आणि विषय संपव.

पण तुला मिआटा नकोय, हे मला ठाऊक आहे! सी5 आतून भाड्याच्या गाडीसारखी दिसते, तरी चौथ्या गिअरमध्ये रमतगमत जाताना नुसता पाय दाबला की गाडी ओढ घेते, गिअर उतरवायची गरज नाही. 911 ची मजा वळणात आहे. रोज सरळसोट हायवेवरून जाणाऱ्या तुला ती कितीशी मिळणार?

बघायला जाशील तेव्हा आधी गाडी लिफ्टवर चढवून घे. वरची बॉडी गंजत नाही, पण खालची चौकट पोलादी आहे आणि आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही वाच: 1216 म्हणजे 2016 चा बारावा आठवडा. एवढे जुने निघाले तर चार नव्या टायरचे पैसे किमतीतून आधी वजा कर, मग बोलणीला बस. शनिवारी असेल तर मी येतो बरोबर.

तुझा,
काका