ससे-लाव्यांच्या शिकारीसाठी एअर रायफल घ्यायची आहे. ०.१७७ इंची नळीची घेऊ की ०.२२ ची?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात वाळपईजवळ कुळागर (सुपारीची बाग) आहे, तिन्हीसांजेला ससे दिसतात आणि ओळखीचा एक जण ०.२२ च घ्या म्हणतो. मीही तिथलाच, सत्तरी तालुक्यातला. माझ्याकडे बारा वर्षं छऱ्याची बंदूक आहे. तिने आजवर कागद, रिकामे डबे आणि मामाच्या गोठ्याचं एक कौल, एवढंच टिपलंय.

ससा मारता येणार नाही. लावा नाही, रानकोंबडाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं, आमिष टाकणं, मारायचा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडलेलाच असतो. कुळागर आपलं म्हणून त्यातला ससा आपला, हा हिशेब आजोबांबरोबर गेला. (ते पारधीच्या आणि मटणाच्या वाट्यांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. मी अजून त्या मुलांना सांगतो, पण गोष्टी म्हणूनच.)

तुमचा ओळखीचा माणूस अगदीच चुकीचं सांगत नाही, पण ते आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये बारा फूट-पौंडांपर्यंतची (हे छऱ्याच्या ताकदीचं माप) एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते आणि तिने लोक ससे मारतात. ०.२२ चा छर्रा वजनाला १४ ग्रेनच्या आसपास, ०.१७७ चा आठच्या. जड छर्रा लागतो जोरात, पण सावकाश जातो आणि लवकर खाली येतो. अंतराचा अंदाज पाच-सात मीटरनी चुकला तर जनावर मरत नाही, जखम घेऊन पळतं. म्हणून तिथेही हलक्या, सरळ जाणाऱ्या ०.१७७ वर भरवसा ठेवणारे आहेत.

आपल्याकडे हा वाद २०१६ च्या शस्त्र नियमांनीच मिटवलाय. नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा, मोठी किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. तेव्हा नेमबाजीसाठी ०.१७७ घ्या. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं ते ह्याच मापाने, दहा मीटरवरून. त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेवढं साधलं तर सशाची आठवणही होणार नाही.

खोक्यावर छापलेल्या वेगाला भुलू नका. तो बहुधा हलक्यात हलका छर्रा घालून मोजलेला असतो. आठ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ८०० फुटांनी सुटला तरी १५ ज्यूल होतात, अंगणात तेवढे पुष्कळ. पहिली बंदूक नळी खाली वाकवून छर्रा भरायची, स्प्रिंगची घ्या. ती मागेपुढे असा दुहेरी झटका देते, त्यामुळे दुर्बीण लावायची तर एअर गनसाठीच बनवलेली लावा, साधी लवकर निकामी होऊ शकते. छर्रा न भरता चाप ओढू नका.

खरी निवड छऱ्यांची. कागदाला चपट्या तोंडाचे बरे, स्वच्छ गोल भोक पाडतात. वीस-पंचवीस मीटरवर गोल डोक्याचेच. पण कुठल्या नळीला कुठला छर्रा मानवेल ते आधी सांगता येत नाही. माझ्या बंदुकीत महागड्या डबीतले छर्रे तळहाताएवढे विखुरले आणि स्वस्तातल्या एका डबीतले पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. तीन-चार प्रकारच्या डब्या आणा, बंदूक टेकवून प्रत्येकीतले दहा-दहा मारून पाहा. पावसाळ्यात नळीला बाहेरून तेलाचा हात फिरवत राहा, आपल्याकडे आठवड्यात गंज धरतो.

आणि निशाणाच्या कागदामागे अडसर हवाच. जुन्या वर्तमानपत्रांनी घट्ट भरलेली लाकडी पेटी, तिच्या मागे पत्रा. मी पहिल्या वर्षी कागद सरळ माडीच्या (सुपारीच्या झाडाच्या) खोडाला डकवला होता. खोड गोल आणि टणक, छर्रा त्यावरून घसरला तो थेट गोठ्याच्या कौलात. खाली मामी धार काढत होती.