कडी तिसऱ्यांदा तपासणारा माणूस

प्रश्न : आमच्या भागात वर्षभर टोळ्यांची मारामारी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या डोळ्यांदेखत एका मुलावर वार झाले. त्यांना ओरखडाही उठला नाही. पण तेव्हापासून ते मुलांवर खेकसतात, रात्री तीन-तीनदा उठून कडी बघतात, दोन पेग घेतल्याशिवाय झोपत नाहीत. ‘मला काही झालेलं नाही’ हेच पालुपद. हा स्वभाव म्हणायचा की आजार?

उत्तर : ताई, स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. ओरखडा नाही म्हणजे इजा नाही, असंही नसतं. पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर घटनेनंतर मनावर टिकून राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, निदानात स्वतः मार खाणं, समोर घडताना पाहणं आणि जवळच्या माणसाचा हिंसक मृत्यू कळणं हे तिन्ही धरलं जातं. अशा घटनेनंतर पहिल्या महिन्यात बरेच जण आपोआप सावरतात. महिना उलटूनही त्रास कायम असेल, तर तपासणी हवीच. तुमचे दोन महिने झालेत.

‘पुरुषासारखा पुरुष, घाबरतोस काय’ ऐकत वाढलेल्या माणसाची भीती बहुतेकदा रागाच्या रूपात बाहेर पडते. म्हणून घरच्यांना तो चिडका वाटतो, घाबरलेला वाटत नाही.

कडीचंच बघा. तपासली की क्षणभर बरं वाटतं. त्या सुटकेतून मेंदू शिकतो, ‘तपासलं म्हणून वाचलो’, आणि फेऱ्या वाढत जातात. झोपण्यापूर्वी त्यांनी एकदा कडीला हात लावून मोठ्यानं म्हणावं, ‘साडेदहा वाजले, कडी लावली.’ आठवडाभर तीनाच्या दोन फेऱ्या, मग एक. एकदम बंद करायला लावलंत तर ते पहाटेपर्यंत जागे राहतील. धोका अजून टळलेला नाही, तेव्हा सावधपणा समूळ घालवायचा नाहीच. तो रस्त्यावर असू द्या, उशाशी नको.

दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री ती उतरू लागली की झोप मोडते, स्वप्नं जास्त त्रास देतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम सोडू नये. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र तर मुळीच नको, श्वास मंदावतो.

उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो : आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) किंवा ईएमडीआर (डोळे ठरावीक पद्धतीनं हलवत त्या आठवणीवर काम करण्याची पद्धत), साधारण ८ ते १२ बैठका. पहिल्या काही बैठकांत आठवणी उसळतात आणि अनेक पुरुष तिथेच उपचार सोडतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा. औषध दिलं तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात.

‘तुम्हाला भीती वाटते का?’ असं विचारलंत तर नाहीच म्हणतील. ‘झोप किती तास लागते?’ हे विचारा. तेही समोरासमोर बसून नको, बरोबर चालताना विचारा.

प्रश्न : वय २२. गोळीबार ऐकला तरी आता काही वाटत नाही. मित्र मारला गेला, तेव्हाही रडू आलं नाही. मी दगड झालोय का?

उत्तर : नाही रे. हिंसा पुन्हापुन्हा पाहिली की मन स्वतःला वाचवायला बधिर होतं. पण ही बधिरता निवडक नसते. दुःखाबरोबर आनंदही जातो, आणि काहीतरी जाणवावं म्हणून माणूस भरधाव गाडी, भांडण, नशेकडे वळतो. रडू आणण्याचा आटापिटा करू नकोस. रोज दहा मिनिटं अंगाकडे लक्ष दे : जबडा आवळलाय का, खांदे वर चढलेत का. नाकानं चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. आणि समुपदेशकाला हेच वाक्य सांग, जे इथे लिहिलंस.

प्रश्न : भावानं काल खून पाहिला. सगळं बोलून टाकायला लावू का?

उत्तर : नको. लगेच तपशील वदवून घेतल्यानं पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. सोबत थांबा, खाऊपिऊ घाला, तो आपणहून बोलला तर ऐका. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही तोंडून निघालं, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा; विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर हत्यार, विष, गोळ्या घराबाहेर काढा, त्याला एकटं सोडू नका आणि तातडीनं रुग्णालयात न्या.