‘स्वधर्म’ आणि कर्जदारातला ‘दार’

प्रश्न नाशिकच्या एका आईंचा आहे. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत. कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला आणि म्हणायला लागला, नोकरी हा माझा परधर्म, फोटोग्राफी हा स्वधर्म. ‘परधर्मो भयावहः’ असं गीतेतच आहे, तेव्हा राजीनामा देतो. आई विचारतात: ‘स्वधर्म’चा असा अर्थ होतो का? आणि हा शब्द जोडून लिहायचा की मधे रेघ द्यायची?

होत नाही.

खरं तर एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण या शब्दाची सध्या जी परवड चालली आहे ती ऐकून कान किटले आहेत. ज्याला जे करायला आवडतं तो त्याचा स्वधर्म, आणि सोमवारी सकाळी उठून जे करावं लागतं तो परधर्म! ‘धर्मसंकटा’चीही तीच गत. मागच्या आठवड्यात उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरचा एक तरुण मेनूकार्डात डोकं खुपसून म्हणाला, “पनीर की मशरूम, धर्मसंकटच आहे यार.” अरे बाबा, तू पनीरचं काही देणं लागतोस का? मशरूमचं? मग यात संकट असलंच तर पोटाचं असेल, धर्माचं कुठून आलं?

हे ‘देणं लागणं’ लक्षात ठेवा. मला तिथेच यायचं आहे.

‘धर्मा’चे बाकीचे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेच्या दाखल्यावरच्या रकान्यातला धर्म, रसायनशास्त्रातला गुणधर्म, डॉक्टरसमोर चारचौघांत सांगायचा देहधर्म, दारावरच्या भिकाऱ्याला घालायचा धर्म, धर्मशाळा, शेजारधर्म. त्यांत वेळ घालवत नाही.

आधी त्या श्लोकाचं बघू. ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ (उणा असला तरी आपला धर्म बरा) हा तिसऱ्या अध्यायात पस्तिसावा आहे आणि त्याचा पहिला अर्धा भाग अठराव्यात सत्तेचाळिसावा म्हणून पुन्हा येतो. अठराव्यात त्याच्या अलीकडे काय आहे? एक्केचाळीसपासून चार वर्णांची चार कामं. म्हणजे मूळ ठिकाणी स्वधर्म हा वर्णाशी बांधलेला शब्द आहे. ते आज कोणाला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण शिबिरवाले काय करतात, तर वर्ण गुपचूप काढतात, तिथे ‘पॅशन’ बसवतात आणि खाली सही मात्र श्रीकृष्णाची ठेवतात. आणि मनाचं ऐकायचं म्हणाल तर ते अर्जुनाने ऐकलंच होतं की! दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात तो म्हणतो, गुरूंना मारण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं. हाही राजीनामाच. ‘मनाला पटेल ते कर’ हाच सल्ला असता तर गीता तिथेच आटोपली असती आणि पुढचे सोळा अध्याय पाठ करण्यातून आपण सगळे सुटलो असतो.

आता व्युत्पत्ती. ‘धृ’ म्हणजे धरणे, म्हणून ‘धारण करतो तो धर्म’, हे कोणीही सांगेल आणि लगेच ‘धारणाद्धर्ममित्याहुः’ हा चरण तोंडावर फेकेल. हा चरण महाभारताच्या कर्णपर्वातला आहे आणि तिथला प्रसंग कोणी सांगत नाही. युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असं जो म्हणेल त्याला मारायचं, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. झालं, तलवार उपसून तो सख्ख्या भावावर निघाला, कारण प्रतिज्ञा पाळणं हा धर्म! तेव्हा कृष्ण त्याला अडवतो, सत्य बोलायचं व्रत म्हणून दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखवणाऱ्या आणि नरकात गेलेल्या कौशिकाची गोष्ट सांगतो, आणि त्या ओघात हा चरण येतो. पुढची तोड तर अफलातून आहे. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणं हा त्याचा वधच, म्हणून युधिष्ठिराला अरे-तुरे कर, प्रतिज्ञा पुरी होईल! सासूबाईंना चुकून एकेरी हाक मारून पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

टिळकांनीही गीतारहस्यात हा चरण घेऊन धर्माला समाजधारणेच्या आणि कर्तव्याच्या बाजूला नेऊन बसवलं आहे. टिळकांशी भांडायची माझी पात्रता नाही, पण भांडतो. ‘कर्तव्य’ हा शब्द फार कोरडा आहे. त्यात कोणाचं, हे नाही. शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक. ‘धृ’मध्ये मात्र तो ‘कोणाचं’ दडलेला आहे आणि तो दाखवायला पाणिनीकडे जावं लागतं.

त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात पस्तिसावं सूत्र आहे: ‘धारेरुत्तमर्णः’. उत्तमर्ण म्हणजे सावकार, ज्याचं येणं आहे तो. सूत्र सांगतं, ‘धारि’ धातू (म्हणजे ‘धृ’चंच प्रयोजक रूप) वापरताना सावकाराची चतुर्थी विभक्ती करा. काशिका या अष्टाध्यायीवरच्या टीकेतलं उदाहरण: ‘देवदत्ताय शतं धारयति’. शब्दशः, देवदत्तासाठी शंभर धरून आहे. अर्थ? देवदत्ताचे शंभर देणं लागतो. बघा, पैसे माझ्या हातात आहेत, पण ते देवदत्तासाठी धरलेले. संस्कृताच्या लेखी ऋण म्हणजे दुसऱ्याची वस्तू धरून असणं!

आणि हे काही फक्त व्याकरणाच्या पोथीतलं नाही. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतला लटक्या रागाने निघून चालली आहे. तिची सखी प्रियंवदा तिला अडवते: तुला जाता यायचं नाही. का? तर ‘वृक्षसेचने द्वे धारयसि मे’, माझी दोन झाडांना पाणी घालायची पाळी तू देणं लागतेस. आधी फेड, मग जा. (मूळ संवाद प्राकृतात आहे, तिथे ‘धारेसि’ आहे. ते प्राकृत शौरसेनी, म्हणजे मराठीच्या आजीच्या बहिणीची भाषा.) त्यावर दुष्यंत मधे पडतो, दमली आहे बिचारी, मी तिला ऋणातून सोडवतो, आणि बोटातली अंगठी काढून पुढे करतो. पाण्याच्या दोन घागरींचं देणं, आणि राजाची अंगठी तारण! मला हा प्रवेश प्रेमासाठी नाही, ‘धारयसि’साठी आवडतो.

आता खरी गंमत. फारसीत ‘दार’ म्हणजे धरणारा, बाळगणारा. हा ‘दार’ आपल्या ‘धृ’चा इराणी चुलतभाऊ आहे. इराणचा सम्राट दारयवौश, त्याच्या नावातला ‘दारय’ म्हणजे आपला ‘धारय’. (घराचं दार निराळं, ते ‘द्वार’.) हा चुलतभाऊ मराठीत किती घरांत शिरला आहे पाहा: सुभेदार, हवालदार, दुकानदार, वारसदार. आणि कर्जदार! पाणिनीचा देणेकरी ‘धारयति’, फारसीचा देणेकरी ‘कर्ज-दार’. दोन भाषांनी देणेकऱ्याला एकाच धातूने पकडलं. त्याहून पुढे, जबाबदार. आज आपण ‘ही माझी जबाबदारी’ म्हणतो, त्यातल्या ‘दार’चं आणि ‘धर्मा’तल्या ‘धर्’चं रक्त एक. धर्माला आजच्या व्यवहारातला प्रतिशब्द हवा असेल तर तो कर्तव्य नव्हे, जबाबदारी.

माझे एक संस्कृतचे प्राध्यापक मित्र यावर नाक मुरडतात. ‘देणं लागणे’ हा अर्थ प्रयोजकाचा, धर्म हा साध्या ‘धृ’ला ‘मन्’ हा प्रत्यय लागून झालेला, ऋग्वेदात ‘धर्मन्’ आहे, तिथे कर्जाचा काय संबंध? मान्य. मुलगा वेगळा, पुतण्या वेगळा. पण घराणं एकच ना? आणि मग तैत्तिरीय संहिता का म्हणते, की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, ऋषींचं, देवांचं, पितरांचं? शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर जो कोणी आहे तो ऋण म्हणूनच जन्मतो असं सांगून चौथं ऋण जोडतो, माणसांचं, आणि ते फेडायचं कसं तर आल्यागेल्याला निवारा आणि अन्न देऊन. यालाच आपण शेजारधर्म म्हणतो. प्राध्यापकांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही. चहा मात्र माझ्याकडे दोनदा पिऊन गेले.

आणि मराठीने तर याच्यावर कडी केली. ‘तो तुझा कोण लागतो?’ म्हणजे नातं. ‘मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो’ म्हणजे कर्ज. एकच ‘लागणे’!

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगितलं की स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आईसारखा जन्माबरोबर लाभलेला असतो. ‘शोधावा लागत नाही’ हे सोळा आणे खरं. शिबिराच्या फीचे पैसे वाचले. पण आईच्या उदाहरणावर माझी हरकत आहे. आई निवडता येत नाही, पण बायको निवडतो, फ्लॅट निवडतो, बँक निवडतो, आणि निवडलेल्याचंही देणं लागतोच. जन्माने आलेलं तेवढंच ऋण धरलं तर आपण परत वर्णापाशी येऊन उभे राहतो.

तेव्हा ताई, तुमच्या मुलाचं. नोकरी त्याने खुशाल सोडावी, त्याला माझी ना नाही, आणि फोटो चांगले काढत असेल तर उत्तमच. पण त्याला ‘आवड’ म्हणावं, ‘ओढ’ म्हणावं, ‘नाद’ हा तर किती सुंदर शब्द आहे! स्वधर्म विचारायचा असेल तर फोटोग्राफी की नोकरी असा विचारायचाच नसतो. घराचे हप्ते चालू असतील, कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तुमची सही असेल, तर तो ‘मात्रे धारयति’, आईचं देणं लागतो. ते फेडायची सोय नोकरीतून करो नाहीतर लग्नाचे फोटो काढून करो. एवढंच, की राजीनाम्याच्या पत्राला श्रीकृष्णाला जामीनदार म्हणून उभं करू नये. (जामीनदार! पुन्हा तोच.)

रेघेचं राहिलंच. जोडून लिहा. ज्ञानेश्वरांनी त्याला सूर्यसुद्धा जोडला, ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’, आणि कुठेही रेघ दिली नाही. तिथला ‘पाहो’ म्हणजे ‘बघो’ असं बरेच जण समजतात, तेही चूक. जुन्या मराठीत ‘पाहणे’ म्हणजे उजाडणेही होतं. सूर्याने जग बघायचं नाही, उजाडायचं आहे. पण हे तुम्ही विचारलंच नव्हतं.